अरुंधतीचं झाकण

अरुंधतीचं झाकण तिसऱ्यांदा मिटलं, तेव्हा उत्तरा गायधनी चहाचा कप हातात घेऊन नियंत्रण कक्षाच्या मधोमध उभी होती. समोरच्या पडद्यावर एका मंद ताऱ्याचा उजेड सरळ रेघेसारखा पुढे सरकत होता. थोड्याच वेळात त्या रेघेला खाली बाक येणार होता, कारण ताऱ्यासमोरून त्याचा एक छोटासा ग्रह जाणार होता. बाक आलाच नाही. पडदा काळा झाला आणि वर लाल अक्षरं उमटली: प्रारणवादळाचा इशारा, दुर्बीण सुरक्षित अवस्थेत.

"अरे देवा, परत?" शेजारच्या खुर्चीतून दिलशाद पिंजारी म्हणाली. दुर्बिणीला जाणाऱ्या सगळ्या आज्ञा दिलशाद लिहायची. वयानं उत्तरापेक्षा बरीच लहान होती, पण हात तिच्याहून स्थिर.

उत्तरानं कप टेबलावर ठेवला आणि काचेपलीकडच्या, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सूर्यकक्षाकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा श्रीरंग बसला होता. इशाऱ्याला होकार देऊन झाकण मिटवण्याचं बटण त्याच्याच समोर होतं. त्यानं तिच्याकडे पाहून खांदे उडवले. माफी मागितल्यासारखे.

नाशिकजवळ अंजनेरीच्या पायथ्याशी असलेलं हे केंद्र एकाच कामासाठी उभारलं होतं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याकडे कायम पाठ करून फिरणाऱ्या अरुंधती या दुर्बिणीची देखभाल करायची. उत्तराचा ग्रह दर चार-साडेचार महिन्यांनी आपल्या ताऱ्यासमोरून जायचा. तेवढ्या काही तासांत ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन यायचा. त्या हवेत पाण्याची वाफ आहे की नाही, हे त्यावरून कळलं असतं. ग्रह आकारानं पृथ्वीसारखा होता, फार तापलेला नव्हता. सगळ्या जगाचे डोळे त्याच्याकडे लागले होते, आणि तो पाहायचा मान अरुंधतीला मिळाला होता. तीन संधी मिळाल्या आणि तिन्ही वेळा ऐनवेळी झाकण मिटलं.

आणि त्या तिन्ही वेळा वादळ आलंच नाही.

सूर्यावर स्फोट होतो तेव्हा त्याचा प्रकाश आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो. त्याच्या मागोमाग, कधी अर्ध्या तासात तर कधी काही तासांत, प्रोटॉनांचा मारा सुरू होतो. जमिनीवरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व आणि हवा त्याला सांभाळतात. अरुंधती मात्र या छत्राच्या बाहेर उघड्यावर होती. प्रोटॉन तिच्या चित्र टिपणाऱ्या संवेदकात घुसले की चित्रभर पांढऱ्या ठिपक्यांचा आणि ओरखड्यांचा सडा पडतो. संगणकाच्या स्मृतीतल्या शून्याचा एक होतो. काही ठिपके वादळ ओसरल्यावरही जात नाहीत. संवेदकाचा तेवढा भाग कायमचा आंधळा होतो.

पूर्वी वादळ अंगावर आल्यावरच धावपळ सुरू व्हायची. मग 'सावध' आला. सूर्याची चित्रं, त्याच्यावरच्या चुंबकीय गाठी आणि अरुंधतीच्या पाठीवरच्या कणमापकाची मोजणी, हे सगळं एकत्र करून ही प्रणाली वादळाची वर्दी काही तास आधीच द्यायची. शेवटचा होकार तेवढा माणसाचा. एकदा झाकण मिटलं की दुर्बीण तिरकी असेल तिथून सरळ व्हायची, पाठ नीट सूर्याकडे करायची आणि यंत्रं निजवायची. परत उठून त्याच ताऱ्यावर नजर रोखायला तिला जवळजवळ दिवस लागायचा. तोवर ग्रह निघून गेलेला असायचा.

"ताई, एक विचारू?" संध्याकाळी बस थांब्याकडे चालताना दिलशाद म्हणाली. "रागावणार नाही ना?"

"विचार."

"तिन्ही वेळा सूर्यकक्षात श्रीरंगसरच होते?"

उत्तरा थांबली. "का गं?"

"काही नाही. सहज आठवलं." दिलशादचा चेहरा पडला. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते परत घ्यावेसे वाटत असावेत.

उत्तरानं ते हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये रानडे दिसले तेव्हा तिचे पाय आपोआप त्यांच्या टेबलाकडे वळले. रानडे सूर्यकक्षातले जुने अधिकारी, श्रीरंगचे मित्र. मिसळीत पाव बुडवत त्यांनी भोळेपणानं सांगून टाकलं, "काल ड्यूटी माझीच होती हो. श्रीरंगनं मागून घेतली. त्याच्या आधीचीही त्यानंच घेतली होती. आणि पहिली, वाटतं, आमच्या कक्षातल्या तांबेंची. आपल्याला काय, सुट्टी मिळाली."

उत्तरा चहा न घेताच उठली.

श्रीरंगला बंगळूरूच्या एका कंपनीत बोलावणं आलेलं होतं. पगार चांगला, काम मोठं. "तुझं इथलं संपलं की बघू," असं तो म्हणायचा. अरुंधतीचा हा ग्रहप्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मार्चमध्ये ठरणार होतं. चौथी संधी त्याच्या जेमतेम आधी होती. तीही हुकली तर प्रकल्प गुंडाळला जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. श्रीरंगला तर कळतच होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. सरळ नाही, वळणावळणानं.

"आज रानडे भेटले होते."

"हं." श्रीरंग भात कालवत होता.

"बरं चाललंय म्हणाले. सुट्ट्या मिळतायत."

त्याचा हात क्षणभर थांबला. निदान तिला तसं वाटलं. मग तो म्हणाला, "चांगलं आहे. आमटी वाढ जरा."

एवढंच. 'मी त्यांची ड्यूटी घेतली होती' हे साधं वाक्य त्याला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यानं काहीतरी सांगितलं असतं, तर ते खरं की खोटं हे कसं ठरवणार होती ती? लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला होता.

त्यानंतर तिला सगळीकडे काहीतरी दिसायला लागलं. तो फोन घेऊन गॅलरीत जायचा, तसा आधीही जायचा, पण आता तिचे कान तिकडे असायचे. एकदा पडद्याआडून तिला ऐकू आलं, "मार्चपर्यंत तिचं इथलं आटपेल असं वाटतंय." तो आत आला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुणाचा फोन?" "बंगळूरूचा." यात लपवाछपवी काहीच नव्हती. तरी तो तिच्याकडे न बघता बोलला, हेच तिच्या मनात राहिलं.

पंधरवड्यानं ती संचालकांच्या खोलीत गेली. डॉ. कपोते मितभाषी गृहस्थ, कुणाचं ऐकताना पेनाचं टोपण काढायचे आणि घालायचे.

"सर, पुढच्या वेधाच्या वेळी श्रीरंग सूर्यकक्षात नको."

टोपण थांबलं. "कारण?"

"तिन्ही वेळा इशारा खोटा निघाला. तिन्ही वेळा होकार त्यानं दिला. आणि तिन्ही ड्यूट्या त्यानं मागून घेतलेल्या होत्या."

"उत्तरा, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"घरी बोललात?"

तिनं नकारार्थी मान हलवली. कपोतेंनी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. त्या दिवशी सूर्यकक्षात रानडे असतील. झाकणाचा शेवटचा शब्द तुमचा. पण हे लक्षात ठेवा, शब्द तुमचा म्हणजे जबाबदारीही तुमचीच."

श्रीरंगला जुन्या नोंदींच्या विभागात बसवलं गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण केंद्रात भिंतींना कान कमी नव्हते. चौथ्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावर, घरी परतताना, त्यानं गाडी कडेला घेतली.

"तू सांगितलंस?"

"हो."

गाड्या शेजारून सुसाट जात होत्या. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. "मी मुद्दाम झाकण मिटवलं असं वाटतं तुला?"

"मग ड्यूट्या का मागून घेतल्यास?"

"हे मला विचारायचं होतंस की कपोतेंना?"

"आता विचारतेय ना."

"आता?" तो हसला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "आता मी जे सांगेन ते तू आधी तपासशील. मग सांगण्यात काय अर्थ आहे?"

त्यानं गाडी सुरू केली. त्या दिवसापासून घरात बोलणं भाजी, गॅस आणि विजेच्या बिलापुरतं उरलं. तो हॉलमध्ये झोपायला लागला. उत्तराला वाटे, निर्दोष माणूस चिडेल, ओरडेल, पुरावे समोर टाकेल. हा गप्प का?

फेब्रुवारीत चौथा वेध आला. सकाळी दहाच्या सुमारास अरुंधती त्या ताऱ्याकडे वळली. तो तारा अशा जागी होता की त्याच्याकडे बघायला दुर्बिणीला परवानगीच्या अगदी टोकापर्यंत तिरकं व्हावं लागे. ती तिरकी झाली, ताऱ्याची रेघ पडद्यावर आली, आणि तासाभरात सावधनं लाल इशारा दिला.

सगळे उत्तराकडे बघत होते.

"उघडंच ठेवा," ती म्हणाली. "आणि तो भोंगा बंद करा."

भोंगा बंद झाला. वादळ आलं नाही. वेळ जात राहिली, रेघ सरळ होती. आणि मग, तिनं पाच वर्षं ज्याची वाट पाहिली होती, तो बाक आला. रेघ हलकेच खाली कलली. दिलशादनं टेबलाखाली उत्तराचा हात दाबला. उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात आनंद होता, पण तिचं तिलाच कळलं की आनंदाहून मोठं असं आणखी काहीतरी होतं. माझं बरोबर होतं, हे समाधान. श्रीरंग नव्हता आणि झाकण उघडं राहिलं. आणखी काय पुरावा हवा?

बाक निम्म्यावर आला असताना सूर्यकक्षाच्या दारात रानडे आले. त्यांचा आवाज चढलेला होता. "मॅडम, सूर्याच्या पश्चिम कडेवर स्फोट झालाय. मोठा आहे. मिटवा."

"सावधचा इशारा तर सकाळपासून आहे, रानडे."

"सावध सोडा हो. मी सूर्याचं चित्र बघून सांगतोय. या बाजूचा स्फोट म्हणजे मारा थेट आपल्यावर. अर्धा तासही मिळायचा नाही."

एरवी कुठल्याही दिवशी तिनं एवढं ऐकल्यावर क्षणाचाही विलंब लावला नसता. पण रानडे श्रीरंगचे मित्र होते. ड्यूट्या त्यांनीच दिल्या होत्या. चौथी संधीही हुकलेली कुणाला हवीय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या मनानं हे सगळं एका झटक्यात जोडलं.

"दिलशाद, परदेशी उपग्रहांचं सूर्याचं चित्र मिळतंय का बघ. आपलं नको."

"ताई, रानडेसर सांगतायत तर..."

"बघ म्हटलं ना!"

दिलशादनं शोधलं. चित्र यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात सूर्याच्या कडेवर डोळे दिपवणारा पांढरा झोत होता. ते उत्तरा बघत असतानाच ताऱ्याच्या चित्रावर पहिला ओरखडा उमटला. मग दुसरा, मग पाच-पन्नास. बघता बघता चित्रावर मूठभर मीठ फेकल्यासारखं झालं.

"मिटवा!" ती ओरडली.

झाकण मिटलं, पण दुर्बीण सरळ होईना. स्वतःची दिशा ओळखायला अरुंधतीकडे तारावेधी कॅमेरे होते. ते चार ओळखीचे तारे पाहून आपण कुठे बघतोय ते ठरवायचे. आता त्यांना शेकडो तारे दिसत होते, आणि ते तारे नव्हतेच. प्रोटॉनांचे ठिपके होते. दुर्बीण त्या खोट्या ताऱ्यांवर विश्वास ठेवून स्वतःला वळवू लागली. आरशाजवळच्या तापमानाची रेघ वर चढायला लागली. दुर्बिणीच्या पाठीवरच्या, ऊन अडवणाऱ्या छत्रीच्या कडेवरून ऊन आत येत होतं. थेट ऊन आरशावर पडलं असतं तर झाकण काय आणि संवेदक काय, सगळाच खेळ आटोपला असता.

दिलशाद आज्ञांमागून आज्ञा पाठवत होती. जायला पाच सेकंद, उत्तर यायला पाच सेकंद, आणि उत्तर एकच: दिशा अनिश्चित. मग दिलशादनं कुणालाही न विचारता फोन उचलला. "सर, धावत या."

श्रीरंग जिने चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्यानं उत्तराकडे पाहिलंही नाही. पडद्यावर एक नजर टाकून तो म्हणाला, "कॅमेऱ्यांचं ऐकणं बंद करायला सांग तिला. चारही कॅमेरे बंद. फक्त जायरोवर धर." जायरो म्हणजे तारे न पाहता दुर्बीण किती वळली ते मोजणारी यंत्रं.

"जायरो हळूहळू सरकतात, सर. चूक साठत जाईल."

"दोन दिवस चालतील. तेवढ्यात वादळ ओसरेल. कर."

आज्ञा गेली. तापमानाची रेघ आणखी थोडी चढली, रेंगाळली आणि आडवी झाली. मग उतरायला लागली.

दुर्बीण वाचली. संवेदकाचा एक कोपरा मात्र कायमचा गेला, आणि ग्रहाचा वेध अर्धवट राहिला. त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर श्रीरंग अजून पडद्यासमोरच बसला होता. उत्तरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं कणमापकाच्या मोजणीचा आलेख पुढे केला.

"हे बघ. स्फोट दुपारचा. मोजणी चढलीय सकाळपासून. दुर्बीण तिरकी झाली तेव्हापासून. आधीच्या तिन्ही वेळाही तेच. नोंदींच्या विभागात दुसरं काम नव्हतं, तेव्हा बसून बघितलं. आज चौथ्यांदा तेच दिसलं तेव्हा खात्री पटली. कणमापक इंधनाच्या टाकीच्या आडोशाला आहे. पहिली काही वर्षं टाकी भरलेली होती. आता रिकामी होत आलीय. एवढं तिरकं झालं की आडोसा पुरत नाही, आणि सूर्याकडून नेहमी येणारे साधे कणही आत शिरतात. सावधला वाटतं वादळ आलं. झाकण मिटलं की दुर्बीण सरळ होते, मोजणी उतरते, आणि आपल्याला वाटतं वादळ येता येता टळलं."

ती आलेखाकडे बघत राहिली. कारण इतकं सरळ होतं की लाज वाटावी. "आणि ड्यूट्या?"

"तांबे किंवा रानडे असते तर इशारा आल्याबरोबर मिटवलं असतं. मी म्हटलं, मी असलो तर शेवटपर्यंत थांबेन. तुझा ग्रह आहे म्हणून. थांबलोही. पण आकडे असे चढायचे की..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हे आधी सांगितलं असतं तर बायकोसाठी नियम वाकवतो, असं झालं असतं. म्हणून गप्प होतो."

"बंगळूरू?"

"तुझं काम आटपल्याशिवाय येणार नाही, हेच त्यांना दर वेळी सांगत होतो."

चौकशी महिनाभरानं झाली. दिल्लीहून आलेल्या समितीच्या अध्यक्ष बाई मृदू बोलायच्या, पण सोडायच्या नाहीत. खोलीत कपोते होते, रानडे होते, दिलशाद होती. खिडकीजवळच्या खुर्चीत श्रीरंग होता.

"स्फोटाची खबर मिळाल्यावरही तुम्ही झाकण मिटवलं नाही. का?"

उत्तराला सांगता आलं असतं की सावध खोटे इशारे देत होता. ते खरंही होतं, आणि समितीनं ते मान्य केलं असतं. कपोतेंनी सकाळीच तसं सुचवलं होतं. तिनं टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"कारण मला वाटलं, रानडे खोटं बोलतायत. माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून. माझा नवरा माझं काम बंद पाडायला बघतोय असा माझा संशय होता. त्याला मी एकदाही नीट विचारलं नव्हतं."

रानडे खाली बघत होते. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "धन्यवाद," त्या म्हणाल्या. "बसा."

झाकणाचा अधिकार उत्तराकडून काढून घेतला गेला. प्रकल्पाला मात्र एक शेवटची संधी मिळाली, कारण खोट्या इशाऱ्यांचं मूळ सापडलं होतं. तिरक्या अवस्थेत कणमापकाचं किती ऐकायचं हे सावधला नव्यानं शिकवलं गेलं. श्रीरंग परत सूर्यकक्षात आला आणि पुढच्या वेधाची ड्यूटी रीतसर त्याच्याच नावावर आली. घरीही तो हॉलमधून खोलीत परतला. फोन आता तिच्या समोर बसूनच घ्यायचा. आवाज मोठा करून, पलीकडचं बोलणं तिलाही ऐकू येईल असा.

"असं नको रे करूस," ती एकदा म्हणाली.

"कसं?" त्यानं विचारलं. खरंच न कळल्यासारखं.

"मी चुकले. मला आता कसलाही संशय नाही."

"हो," तो म्हणाला आणि तिच्याकडे पाहिलं. तो शब्द तिनं पुनःपुन्हा आठवून पाहिला. त्याचा तिच्यावर विश्वास बसला होता की नव्हता, तिला काही केल्या ओळखता येईना.

पाचव्या वेधाच्या दिवशी सूर्य शांत होता. दुर्बीण तिरकी झाली, मोजणी चढली, सावध गप्प राहिला. रेघेला बाक आला, पूर्ण झाला आणि रेघ परत वर गेली. संवेदकाचा एक कोपरा आंधळा होता, तरी उरलेलं पुरेसं होतं. पहिल्याच ढोबळ हिशेबात पाण्याच्या वाफेची खूण स्पष्ट दिसली. कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. दिलशाद तर खुर्चीवर उभी राहिली.

उत्तरा धावतच सूर्यकक्षाच्या काचेपाशी गेली. आत श्रीरंगच्या शेजारी रानडे बसले होते. ड्यूटी एकट्याची होती, तरी श्रीरंगनं त्यांना सुट्टीच्या दिवशी घरून बोलावून घेतलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"रानडे, नीट बघितलंत ना?" दार उघडता उघडता तिला श्रीरंगचा आवाज ऐकू आला. "सकाळपासून आत्तापर्यंत झाकण उघडं आहे. मी बटणाला हात लावलेला नाही. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचं."

रानडे मोठ्यानं हसले. बाकीचेही हसले. श्रीरंगही हसत होता. दारात उभ्या उत्तराला पाहून त्यानं अंगठा वर केला, आणि तिनंही केला.